क्लचवरचा पाय

नासीरभाईंच्या गॅरेजमध्ये मी दोन पानी टिपण घेऊन गेलो. जळगावच्या एका वाचनालयात तीस वर्षं नोकरी केली; बोलण्यापेक्षा लिहून देणं मला सोपं जातं. गाडी अठरा वर्षांची. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र वेग घेत नाही; चढावर जळका वास येतो. खाली पुस्तकात बघून निदानही लिहिलं होतं : गिअरबॉक्स गेला असावा. मग 'असावा'खाली दोन रेघा ओढल्या.

"सर, गाडी आणली की प्रबंध?" नासीरभाई म्हणाले.

मी अडखळत सांगितलं. सोमवारी अकराला धुळ्यात कमलअक्कांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. त्यांनी धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या नर्मदेला, निरोप पाठवला होता, 'आत नेण्याआधी तू दिसली पाहिजे.' आज शनिवार. मणक्याच्या ऑपरेशननंतर नर्मदेला एसटी बंद आहे. भाड्याच्या गाडीने एकदा निघाली, तर हिसक्यांनी एरंडोलपर्यंत डोळे पुसत गेली.

ती मागच्या सीटवर, पाठीला उशी लावून, गुपचूप बसली होती.

"चला, एक चक्कर मारू. तुम्हीच चालवा," म्हणत नासीरभाई शेजारी बसले. मी किल्ली फिरवली.

"थांबा. किल्ली फिरवली की सगळे दिवे एकदा लागले पाहिजेत. इंजिनचा लागला नाही." त्यांनी वाकून दिव्यांवरच्या काचेवर नख घासलं. नखावर एक काळी टिकली आली, आणि तिच्या जागी पिवळा दिवा.

"मीच लावली," मागून आवाज आला.

"कधी?"

"दिवाळीत. दिवा दिसला की तुम्ही आठ-आठ दिवस गाडी काढत नाही. पुस्तकं काढून बसता. मला अक्काकडे जायचं असतं."

"भाभी, इंजिनला दृष्ट लागू नये म्हणून का?" नासीरभाई खो खो हसले.

मला राग यायला हवा होता. लाज वाटली.

आम्ही हायवेपर्यंत गेलो. गिअर बदलला की सवयीने मी विचारत होतो, "धक्का बसला?" आणि सवयीने ती म्हणत होती, "नाही हो." नासीरभाई रस्त्याकडे बघतच नव्हते. माझ्या पायांकडे बघत होते.

"सर, डावा पाय उचला."

"उचललेलाच आहे."

"कुठे? क्लचवरच ठेवलाय. झोपतानाही तिथेच ठेवता का?"

मी हळूच सांगितलं, क्लच अर्धाच सोडून ठेवला की तिच्या पाठीला हिसका बसत नाही. दोन वर्षं असंच चालवतोय.

नासीरभाई माझं टिपण घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "गिअरबॉक्स ठणठणीत आहे. पाय ठेवून ठेवून क्लचप्लेट तुम्ही खाल्लीत. दिव्याचं मशीन लावून बघतो, उंदराने वायर कुरतडली असेल. उद्या संध्याकाळी गाडी घेऊन जा. पण सर, पाय खाली. थोडा हिसका बसू द्या."

उंदरानेच कुरतडली होती.

सोमवारी सकाळी सहाला निघालो. दिवे सगळे लागले, सगळे विझले. मी ते मोठ्याने मोजले. डावा पाय खाली ठेवला. तो सारखा वर यायला बघत होता.

पारोळ्याच्या पुढे कापसाने भरलेला ट्रॅक्टर आडवा आला. मी घाईत गिअर बदलला. गाडीला चांगलाच हिसका बसला.

"लागलं?"

तिने पाठीमागची उशी सरकवली. "लागलं," म्हणाली. "कंबरेत कळ आली."

दोन वर्षांत पहिल्यांदा ती हो म्हणाली. मी गाडी बाजूला घ्यायला लागलो.

"थांबू नका. सांगितलं तुम्हाला, तेवढंच. चालवा."

धुळ्यात पोचलो तेव्हा पावणेनऊ झाले होते. अक्का खाटेवर टेकून दाराकडेच बघत होत्या.

"उनी का व माय," त्या म्हणाल्या, आलीस का गं बाई. नर्मदा कमरेवर हात ठेवून, सावकाश, त्यांच्यापर्यंत चालत गेली.