मायनसवर राहिलेली चकती

मित्रांनो, रंगाऱ्याच्या घरात कपाटावर, ब्रशांच्या डब्याशेजारी जो काळा कॅमेरा दिसतोय ना, तो मी. म्हातारा झालोय, पट्टा तुटलाय, पण डोळा अजून शाबूत आहे.

कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडलं. मग बरीच वर्षं एका फोटो स्टुडिओत राबलो. "झकास कॅमेरा आहे हो तुमचा," असं गिऱ्हाईक म्हणालं की मी आतल्या आत फुगायचो. पुढे नवे कॅमेरे आले आणि मी पडलो फळीवर. एक दिवस स्टुडिओवाल्याने मला त्याच्या मित्राला, म्हणजे घरं रंगवणाऱ्या या रंगाऱ्याला, देऊन टाकलं.

रंगाऱ्याला मी हवा होतो तो एका बगळ्यापायी. रंगाऱ्याची बायको जन्मभर घरामागच्या तळ्यावर त्याचे ब्रश धुवायची. हा रंग लावून मोकळा व्हायचा, मागचं सगळं आवरायची ती. समोर पाण्यात एक बगळा उभा असायचा. मग तिने अंथरूण धरलं आणि तळं सुटलं. तिच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे. "तो येतो का हो अजून?" ती रोज विचारायची. डॉक्टर रंगाऱ्याला बाहेर नेऊन म्हणाले होते, "आता फार दिवस नाहीत." तेव्हा बगळा हिला दाखवायचाच, असं त्याने मनात धरलं.

आता माझी एक खोड सांगतो. मला सगळं जग राखाडी करायची सवय आहे. समोर काळं पाणी जास्त असलं की मला वाटतं अंधार पडलाय, आणि मी भसाभसा उजेड आत घेतो. पाणी छान येतं, बगळ्याचा मात्र होतो चुन्याचा गोळा.

पहिला फोटो माझ्या पाठीवरच्या पडद्यावर बघून ती म्हणाली, "यात बगळा कुठाय?"

"हा काय."

"मला वाटलं कुणी चादर वाळत घातलीय."

दुसऱ्या दिवशी हात बसावा म्हणून त्याने पांढऱ्या आभाळावरचा कावळा टिपला. तिथे उलटंच झालं, आभाळाला बिचकून मी उजेड कमी घेतला.

"हा तर कोळसा."

"अगं, कावळाच आहे तो."

"असेल. पण कावळ्यालासुद्धा डोळा असतो की."

रंगारी मला घेऊन तडक स्टुडिओत गेला. स्टुडिओवाला म्हणाला, "अरे, कॅमेऱ्याचं काय ऐकतोस? अडाणी आहे तो. वरची चकती फिरव. काळ्या पाण्यात पांढरा पक्षी असला तर मायनस, म्हणजे उजेड कमी. लख्ख आभाळावर काळा पक्षी असला तर प्लस, म्हणजे उजेड जास्त."

"म्हणजे काळ्या भिंतीवर चुना हात राखून मारायचा."

"आता कसं बोललास. आणि काम झालं की चकती शून्यावर आणायची हं."

पण तोवर रंगारी दारापर्यंत पोचला होता.

आठ दिवस रोज सकाळी आम्ही तळ्यावर चिखलात बसलो. कधी बगळा उडाला, कधी याचा हात हलला. नवव्या दिवशी कोवळं ऊन होतं, चकती मायनसवर होती, आणि बगळा मान वळवून थांबला. रंगारी तसाच चिखलाच्या पायांनी घरी धावला.

तिने मला डोळ्यांशी धरलं. बराच वेळ बघत राहिली.

"पिसंन् पिसं दिसतंय," ती म्हणाली. "हे मानेवरचं वाकडं पीस बघा. तोच हा."

मग केसांवरून हात फिरवत म्हणाली, "आता माझा एक काढा. नुसती आजारीच आठवेन नाहीतर तुम्हाला."

त्याने तिला उशीला टेकवून बसवलं. तिच्या पाठीमागे खिडकी होती, उन्हाने भरलेली. आणि माझी चकती तशीच मायनसवर. पडद्याच्या कोपऱ्यात मी मायनसची खूण दाखवत होतो, बोंब मारायला मला तोंड नाही. ती छान हसली. त्याने बटण दाबलं. लगेच तिला धाप लागली, म्हणून फोटो न बघताच त्याने मला बाजूला ठेवलं. "उद्या बघू," तो म्हणाला.

ते राहूनच गेलं. चौथ्या दिवशी ती गेली.

घरातली माणसं पांगल्यावर त्याने मला चालू केलं. खिडकी लख्ख आली होती. तिच्या जागी काळोख, आणि त्यात दातांची एक बारीक रेघ. स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर उजळून पाहिलं, तर चेहऱ्याऐवजी नुसते ठिपके उठले. तो हळूच म्हणाला, "जे आत आलंच नाही रे, ते बाहेर कसं काढू?"

बगळ्याचा फोटो आता भिंतीवर आहे. शेजारचा खिळा रिकामा आहे.

मित्रांनो, पाखरांचे फोटो खुशाल काढा. चुकाल, पुन्हा काढाल. पाखरू उद्या परत येतं. पण एक फोटो झाला की चकती शून्यावर आणा, ब्रश धुऊन ठेवावा तशी. आणि समोर माणूस बसला असेल तर माझ्या भरवशावर राहू नका.

रंगारी अजून अधूनमधून मला खाली घेतो. फोटो काढत नाही. चकती अंगठ्याने चाचपतो. ती शून्यावरच असते. तरी एकदा फिरवून पुन्हा शून्यावर आणतो आणि मला वर ठेवून देतो.