उसवण्याचा रकाना

मित्रांनो, मी एक जुना रकाना आहे. वहीच्या पानावर पट्टी ठेवून तुम्ही आखता तसला नव्हे. मी एका ॲपमध्ये राहतो आणि ते ॲप तांड्यातल्या बायकांच्या मोबाईलमध्ये राहतं. माझं वय अवघं तीन वर्षांचं. पण आमच्या जगात दर महिन्याला काहीतरी बदलतं. तिथे तीन वर्षं टिकलेल्याला जुनंच म्हणायला हवं.

माझ्या जन्माआधी या ॲपच्या फलकावर तीन रकाने होते. 'करायचे', 'चालू' आणि 'झाले'. हे तिघे ॲपबरोबर तयारच येतात. मोठ्या शहरातलं ऑफिस असो की शिरड शहापूरजवळचा आमचा तांडा, सगळ्यांना हेच तिघे मिळतात. प्रत्येक कामाचं एक कार्ड असतं. काम हातात घेतलं की कार्ड बोटाने ओढून 'चालू'मध्ये ठेवायचं, संपलं की 'झाले'मध्ये. कार्ड डावीकडून उजवीकडे जातं. हे ज्यांनी रचलं त्यांना वाटलं असावं की काम नेहमी पुढेच जातं. त्यांनी बहुधा कधी सुई हातात धरली नसावी.

आमच्या तांड्यातल्या बायका भरतकाम करतात. कापडावर रंगीत धाग्यांची नक्षी, मध्ये गोल आरसे, कडेला कवड्या. त्यांचं काम आधीही दूरदूर जात होतं, पण ते एका व्यापाऱ्यामार्फत. पिशवीवर चिठ्ठी शिवली जायची ती त्या व्यापाऱ्याच्या दुकानाची. मग एका वर्षी दिपाने गटाला पहिलं स्वतःचं काम मिळवून दिलं. दिपा तांड्यातलीच. हिंगोलीला भौतिकशास्त्र शिकून नुकतीच पदवीधर झाली होती. हिंगोलीत एक नवं वाचनालय उभं राहत होतं. तिथल्या बालविभागाच्या भिंतीवर सुताराने एक भली मोठी लाकडी चौकट बसवली होती. त्या चौकटीत बसेल असा भरतकामाचा पडदा हवा होता. बरेचसे चौकोन वेगवेगळे भरायचे आणि शेवटी एकमेकांना जोडायचे. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तांड्याच्या गटाचं नाव भरायचं, हे दिपाने पहिल्या भेटीतच मंजूर करून घेतलं. त्या एका ओळीसाठी सगळ्या बायका कामाला लागल्या.

कोणता चौकोन कोणाकडे आहे, कुठवर आला आहे, हे डोक्यात ठेवणं अवघड होतं. काही बायका तांड्यात भरत होत्या, काही शिरड शहापुरात. म्हणून दिपाने हे ॲप आणलं. प्रत्येक चौकोनाचं एक कार्ड केलं. ज्यांना लिहिण्याचा कंटाळा, त्या कार्डावर फोटो टाकत किंवा बोलून ठेवत. मी माणसांना ओळखतो ते त्या बोलण्यांवरून.

आता माझा जन्म कसा झाला ते सांगतो. गटातल्या निताने एका चौकोनात लाल धाग्याच्या जागी निळा वापरला. दिपाच्या ते लक्षात आलं आणि तिने निताचं कार्ड 'झाले'मधून परत 'चालू'मध्ये ओढलं. ॲपला ही गोष्ट आवडली नाही. त्याने सगळ्यांच्या मोबाईलवर लाल त्रिकोणासह निरोप धाडला, 'काम मागे गेले: निता'. निताचा नवरा प्रेमदास टेम्पो चालवतो. चौकोन गोळा करायचं काम त्याच्याकडे होतं, म्हणून त्यालाही निरोप आला. त्याने तो चारचौघांत मोठ्याने वाचला आणि म्हणाला, "लोकहो, आमच्या घरचं काम रिव्हर्स गेरमधी चालू हाय."

सगळे हसले. निताही हसली. पण त्या दिवसापासून फलकावरचं एकही कार्ड मागे आलं नाही. चुका थांबल्या होत्या असं नाही. चुकलेले चौकोन पेटीत, गोधडीखाली जाऊ लागले आणि फलक मात्र 'झाले'च्या हिरव्या रंगाने भरू लागला.

दिपाला संशय आला. प्रयोगशाळेत सगळी निरीक्षणं फार छान आली की तिचे सर आधी उपकरण तपासायला लावत. तिने ॲपच्या सेटिंगमध्ये शिरून 'रकाना जोडा' या बटणावर बोट ठेवलं, आणि 'चालू' व 'झाले' यांच्या मधोमध माझा जन्म झाला. तिने मला लाल रंग दिला आणि माझं नाव ठेवलं 'चुकलेले'.

मित्रांनो, असं नाव घेऊन जगणं सोपं नसतं. माझे शेजारी कार्डांनी भरलेले आणि मी रिकामा. बायका कार्ड ओढताना माझ्यावरून नेत, पण बोट माझ्यावर थांबू देत नसत. शेवटी नीलाबाईंनी एका कार्डावर बोलून ठेवलं. तांड्यात आईला याडी म्हणतात. नीलाबाई वयाने आणि हाताच्या कसबाने सगळ्यांत मोठ्या, म्हणून त्यांना सगळाच तांडा याडी म्हणतो. त्या म्हणाल्या, "दिपा, ह्यो लाल डबा काहून ठेवला गं? शाळंत बाकावर उभं करतेत तसं वाटून राहिलं."

दिपाने ते दोनदा ऐकलं. मग तिने माझा रंग हळदीसारखा पिवळा केला, नाव बदलून 'उसवणे' ठेवलं आणि तो लाल त्रिकोणाचा निरोप कायमचा बंद करून टाकला. नवं नाव मला फार आवडलं. ते माणसाला दोष देत नव्हतं, नुसतं पुढचं काम सांगत होतं. तरीही मी रिकामाच राहिलो.

उद्घाटन जवळ आलं. एका दुपारी प्रेमदासने त्याच्या हाती आलेले चौकोन टेम्पोतून आणले आणि समाजमंदिराच्या फरशीवर पसरले. पडदा कसा दिसेल ते पाहायचं होतं. पण कडेला कड लागेना. कोमलचे चौकोन प्रत्येक ओळीत बाहेर येत होते.

कोमल शिरड शहापूरच्या एका शेतकरी घरातली मुलगी. गटात ती सगळ्यांत नवी होती. "पैल्यांदाच भरलं मावशी," ती नीलाबाईंना म्हणाली, "हात बसला न्हाई अजून." आणि तिने स्वतःच तिची सगळी कार्डं माझ्यात आणून ठेवली. माझ्याकडे आलेली ती पहिली कार्डं. मला आनंद झाला, हे सांगायला थोडं चमत्कारिक वाटतं. तिने ते चौकोन उसवले, पुन्हा भरले. काही दिवसांनी पुन्हा पसरले तर ते तेवढेच बाहेर आले. कोमलने सुया डबीत ठेवल्या आणि शांतपणे म्हणाली, "दिपाताई, मी उद्यापासून येत न्हाई. माझ्यानं तुमचा पडदा बिघडून राहिला."

दिपाने तिला थांबवलं आणि मोजायची फीत काढली. वाचनालयाने दिलेल्या मापाशी तिने एकेक चौकोन ताडून पाहिला. मग सगळे पुन्हा एकदा मोजले. कोमलचे चौकोन मापात होते. बाकीचे आखूड होते.

कारण साधं होतं. कापड कापताना सगळे चौकोन सारखेच होते. पण टाका घट्ट ओढला की कापड आक्रसतं. जितका टाका घट्ट, तितकं कापड लहान. कोमलचा हात सैल होता, म्हणून तिचं कापड होतं तेवढंच राहिलं. सगळ्यांत घट्ट आणि देखणा टाका होता नीलाबाईंचा, म्हणून त्यांचे चौकोन सगळ्यांत आखूड. आणि तांड्यातल्या बहुतेक बायका भरायला शिकल्या होत्या नीलाबाईंकडूनच. असाच पडदा जोडला असता, तर चौकटीत हातभर भिंत उघडी दिसली असती आणि खाली तांड्याचं नाव.

आता हे याडीला सांगायचं कोणी? निता दोरे गुंडाळू लागली. प्रेमदासला टेम्पोच्या चाकात हवा भरायची आठवण झाली. दिपाने मात्र आडवळण घेतलं नाही. तिने कोऱ्या कापलेल्या चौकोनावर नीलाबाईंचा चौकोन ठेवला. चारी बाजूंनी दोन-दोन बोटं कोरं कापड दिसू लागलं.

नीलाबाईंनी ते पाहिलं. कोमलचा चौकोन मागून घेतला, तोही ठेवून पाहिला. मग म्हणाल्या, "टाका घट्ट म्हंजे काम पक्कं, हे मला माझ्या याडीनं शिकवलं. पर तिनं अंगावर घालायचं शिकवलं होतं, भितीवर टांगायचं न्हाई." त्यांनी दिपापुढे हात केला. "आन तो मोबाईल. माझी कारडं कोणती?"

"मी ओढते, याडी."

"तू काहून? माझी हायेत ना."

त्यांचं बोट काचेवर जरा अडखळलं, पण पहिलं कार्ड आलं, मग दुसरं, मग सगळी. बायका हातातलं काम सोडून पाहत होत्या. नीलाबाईंनी मान वर केली. "काय बघून राहिल्या? माझा चौकोन काय जावई हाय, त्याला उठवायचं न्हाई?"

समाजमंदिरात असा हशा पिकला की प्रेमदास बाहेरून धावत आला. मग निताने तिची कार्डं आणली, पाठोपाठ बाकीच्यांनी आणली. पेटीतले, गोधडीखालचे चौकोनही त्या संध्याकाळी बाहेर आले. मी इतका भरलो की मला पूर्ण पाहायला मोबाईलवर बोट खालीवर फिरवावं लागत होतं.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे. कापड आक्रसलं होतं ते मुख्यतः कडेच्या भरगच्च पट्ट्यांमुळे. तेवढ्या पट्ट्या उसवायच्या, ओलं फडकं ठेवून कापड सैल करायचं आणि पुन्हा भरायचं असं ठरलं. नक्षी भरायला एकटीने, मान खाली घालून बसावं लागतं. उसवायला दोघी लागतात, एकीने कापड ताणून धरायचं आणि दुसरीने दोरा काढायचा. त्यामुळे लिंबाखाली सकाळपासून गप्पा सुरू व्हायच्या. प्रेमदास निघालेले दोरे रिळावर गुंडाळून द्यायचा. निता त्याला म्हणायची, "रिव्हर्स गेर बरा जमतो की तुमाला." तो म्हणायचा, "शिकवणारी घरचीच हाय."

कोमल नीलाबाईंच्या शेजारी बसू लागली. एका कार्डावर नीलाबाईंचा आवाज आहे: "पोरगी म्हणते, मावशी हात सैल सोडा. आता ह्या वयात सैल सोडायला शिकून राहिले. तकलीफ हाय, पर मजा येऊन राहिली." मागे कोमल हसताना ऐकू येते.

इकडे दिपा फलकाला आमच्या कामाच्या अंगाने घडवत होती. तिने 'झाले'चे दोन भाग केले, 'भरून झालं' आणि 'मापात बसलं'. प्रत्येक कार्डावर नवी जागा केली, 'टाके घातल्यानंतरचं माप'. ती जागा रिकामी असेल तर कार्ड शेवटच्या रकान्यात जाणार नाही, असा नियम लावला. आणि माझ्यापासून 'चालू'कडे परत जायची वाट मोकळी केली. शहरातून आलेलं ते ॲप हळूहळू तांड्याच्या रीतीने चालू लागलं.

पडदा वेळेत गेला. तो बसवतानाचा आवाज शेवटच्या कार्डावर जपून ठेवलेला आहे. आधी शिडी सरकल्याचा आवाज येतो. मग हातोडीचे ठोके. मग सुतार म्हणतो, "बाई, मी कडेला पट्टी मारायची तयारी करून आलो होतो. हे तर बराबर बसलं."

"बसणारच की," नीलाबाईंचा आवाज, "दोनदा भरलंय."

त्याच कार्डावर फोटोही आहे. खालच्या कोपऱ्यात तांड्याच्या गटाचं नाव आहे. त्यातलं पहिलं अक्षर कोमलने भरलं, शेवटचं नीलाबाईंनी.

आता माझ्या बऱ्याच नकला झाल्या आहेत. दिपाने आमचा फलक इतरांनाही वापरायला दिला. हट्ट्याच्या एका पिशव्या शिवणाऱ्या गटात मी आहे. जवळा बाजारला पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात मी आहे. तिथे जळालेली तार सोडवायची असते, म्हणून त्यांनी माझं नाव 'उकलणे' ठेवलं आहे. मला दोन्ही नावं चालतात. एकदा कोणीतरी काम भराभर पुढे जातंय असं दिसावं म्हणून मला लपवून ठेवलं होतं. महिनाभर मी सेटिंगच्या अंधारात पडून होतो. पण फलकावर संपलेलं काम गिऱ्हाइकाच्या हाती पोहोचेना, तेव्हा त्यांनीच मला शोधून बाहेर काढलं.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुम्ही वर्गात प्रकल्प कराल, घरच्या कामांचा तक्ता कराल, उद्या मोठे होऊन मोठी कामं सांभाळाल. तेव्हा तयार मिळालेल्या तीन रकान्यांवर थांबू नका. तुमचं काम खरोखर कसं चालतं ते नीट पाहा आणि रकाने त्याप्रमाणे आखा. त्यात मला थोडी जागा ठेवा. मला लाल रंग देऊ नका. आणि माझ्यात कोणाचं कार्ड आलं, तर ते चारचौघांत वाचून दाखवू नका.

हे सांगत असतानाच एक कार्ड येऊन पडलं आहे. त्यावर नाव आहे दिपाचं. इतकी वर्षं तिने चौकोन मोजले, स्वतः कधी भरला नव्हता. खाली नीलाबाईंचा आवाज आहे: "दिपानं पैला चौकोन भरलाय. सगळा उसवायचा हाय. चहा ठेवलाय, सगळ्याजणी या."