वर्गातली वाघबारस

रुपी घरी दिवसभर चिवचिवायची आणि शाळेच्या पायरीवर पाय ठेवला की गप्प व्हायची. पहिलीत जाऊन चार महिने झाले होते, तरी बाईंनी नाव विचारलं की ती फ्रॉकच्या टोकाकडे बघत राही. तिच्या आईला, नीताला, याची एवढी धास्ती बसली होती, की पोरीला पोचवायला म्हणून जायची ती शाळेच्या ओट्यावरच बसून राहायची. उगाच बसलेली दिसू नये म्हणून निवडायची भाजी बरोबर न्यायची आणि एक एक पान खुडत खिडकीतून आत बघायची. भाजी कधीच संपायची नाही.

नीता माहेरची जव्हारची. वडील कचेरीत कारकून, तिथल्याच कॉलेजात तिने बी.ए. केलेलं. नवरा हरेश एसटीत कंडक्टर, पण घर साखरशेतजवळच्या पाड्यावर. पाड्यावरच्या सुनांमध्ये कॉलेज बघितलेली ती एकटी. त्यामुळे पहिलीच्या आयांचा गट केला तेव्हा रंजना बाईंनी तिलाच लीडर माता केलं. काम तसं साधं होतं. शनिवारी पाच-सहा जणींना जमवायचं, पोरांकडून चिंचोके मोजून घ्यायचे, काड्या मांडून अक्षरं करायची, आणि कुणाचं मूल शाळेत दिसेनासं झालं तर त्या घरी जाऊन यायचं.

गटातली सगळ्यांत गप्प बाई म्हणजे कमू. धाकट्या बाळ्याला पाठीला बांधून यायची आणि भिंतीला टेकून बसायची. तिची हौशी रुपीच्याच वर्गात. कमू आणि तिचा नवरा जिवा दरवर्षी दिवाळी झाली की भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे, ते शिमग्यालाच पाड्यावर परतायचे. हौशीही तान्ही असल्यापासून त्यांच्याबरोबर जायची. यंदा मात्र ती शाळेत रमली होती.

एका शनिवारी बाकीच्या उठून गेल्या तरी कमू बसूनच राहिली.

"वयनी, एक इचारू?"

"विचार की."

"हौशीला यंदा ठेवून जाते मी. पुंजा आजा हाय घरी. म्हातारा सकाळ-संध्याकाळ भाकर थापील, दुपारचा भात शाळंत मिळतो. राहील ना पोर?"

"राहील की. का नाही राहणार? पण तिकडे बाळ्याला कोण बघणार?"

"त्याच्यावरनंच घरात भांडण. हिचा बा म्हनतो, पोरगी आली तर बाळ्याला धरील, तुझे दोन हात मोकळे ऱ्हातील." कमूने पाठीवरच्या बाळ्याला जरा वर सरकवलं. "मी म्हनलं, माझी पाठ हाय अजून. पोरीला शाळा गोड लागलीय वयनी. आदी मी तिला उठवायची, आता ती मला उठवते. वाघ व्हनार हाय ना ती. अजून कुनाला बोलले नाय हां. तुलाच सांगितलं."

वाघाचं असं होतं. या डोंगरात दिवाळी सुरू होते ती वाघबारसेपासून. गावाच्या शिवेवर वाघदेवापुढे खीर शिजते, गुराख्यांतलं एक पोर वाघ होतं, बाकीचे त्याला शिवेबाहेर पिटाळतात. रंजना बाईंनी ठरवलं होतं, यंदा सुट्टी लागायच्या दिवशी हीच दिवाळी वर्गात करायची. त्यासाठी आठ दिवस आधीपासून वर्गात वाघाचंच राज्य होतं. पोरांनी पताका कापल्या, कागदाचे कंदील चिकटवले, फळ्यावर 'वाघ' लिहून गिरवला. वजाबाकीसुद्धा वाघाचीच. दहा पोरं गाई होऊन ओळीने उभी राहायची, वाघ येऊन त्यातल्या काही घेऊन जायचा आणि उरलेल्या मोजायच्या. किती न्यायच्या ते वाघाने ठरवायचं.

वाघ कोण, हे ठरवायला बाईंनी एकेकाला डरकाळी फोडायला लावली. कुणी म्यांव केलं, कुणी भुंकलं. हौशीची पाळी आली तशी ती उठली, कोपऱ्यातलं पाण्याचं रिकामं मडकं ओढून आणलं, त्यात तोंड घातलं आणि आजाने शिकवला होता तसा आवाज काढला. तो जमिनीतून आल्यासारखा आला. अर्धा वर्ग ओट्यावर पळाला. रुपी येऊन नीताच्या कमरेला बिलगली, घाबरून आणि हसून लाल झालेली.

त्या संध्याकाळी रुपी म्हणाली, "मला वाघ व्हायचंय."

चार महिन्यांत शाळेबद्दल तिने स्वतःहून काढलेला हा पहिला शब्द. नीताने हातातली तवली खाली ठेवली.

"बाईंना सांगितलंस?"

"तू सांग."

नीताच्या मनाने मग धावच घेतली. वाघ झाली म्हणजे ओरडायला लागेल, ओरडली म्हणजे तोंड उघडेल, एकदा उघडलं की मग भीती नाही. हरेशला सांगून तिने जव्हारहून पिवळा पुठ्ठा, स्केचपेन आणि इलॅस्टिक मागवलं. मुखवटा झाला तेव्हा हरेश म्हणाला, "चांगला झालाय. पण वाघ तर कमूची पोर आहे म्हणतात ना?"

"बघू," नीता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने बाईंना ओट्यावर गाठलं.

"बाई, कमूकडचे भट्टीवर जातात ना. यंदा मुकादम लवकर गाडी पाठवतोय असं कानावर आलं."

"सुट्टी लागायच्या आधीच?"

"त्यांचं काही सांगता येत नाही. ऐन वेळी वाघच नसला तर सगळ्या कार्यक्रमाची पंचाईत." मग भाजीतली काडी बाजूला करत ती म्हणाली, "रुपीने घरी मुखवटा केलाय. पहिल्यांदाच कशात तरी मन घातलंय तिने."

मुकादमाच्या गाडीबद्दल दुकानावर कुणीतरी खरंच काहीतरी बोललं होतं. कमूने विश्वासाने सांगितलेलं तेवढं तिने गिळलं. रंजना बाईंच्या वर्गातली चार पोरं गेल्या वर्षी अशीच एका सकाळी नाहीशी झाली होती. त्यांनी सुस्कारा टाकला.

"दरवर्षीचंच आहे हे. ठीक आहे, रुपी होऊ दे वाघ. हौशीला गाय करू."

वर्गात जाऊन बाईंनी हौशीला जवळ घेतलं, गोड बोलून सांगितलं. नीता खिडकीशी उभी होती. हौशी रडली नाही, रुसली नाही. तिने एवढंच विचारलं, "कंची गाय? वाघ नेतो ती का मागं ऱ्हाते ती?"

"तुला हवी ती हो," बाई म्हणाल्या.

हौशी ओळीत शेवटी जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

बाईंनी नीताला सांगितलं, जरा बघून या. लीडर मातेचं कामच ते. नीता निघाली. ओहळापर्यंत गेली तर पलीकडे दगडावर हौशी दिसली, कडेवर बाळ्या, पाय पाण्यात. तिने मान वर करून नीताकडे बघितलं. नीताने हात हलवल्यासारखं केलं आणि तिथूनच मागे फिरली. "भातकापणी चालू आहे," तिने बाईंना सांगितलं, "बाळ्याला धरायला ठेवतात तिला घरी."

सुट्टी लागायच्या दिवशी वर्गात कंदील टांगले होते. आया भिंतीशी बसल्या होत्या, कमू तेवढी आली नव्हती, आणि गाई होऊन दहा पोरं गुडघ्यांवर ओणवी. बाई म्हणाल्या, "आणि शिवेवरून आला वाघ." मुखवटा घातलेली रुपी पुढे आली आणि उभी राहिली. नुसती उभी. मुखवट्याच्या भोकांतून डोळे आईला शोधत होते. नीताने भिंतीशी बसून तोंडाचा मोठा आ केला, हातांचे पंजे केले. रुपीने खाली फ्रॉककडे बघितलं.

चंदू नावाची एक गाय मान वर करून म्हणाली, "बाई, वाघ झोपला."

सगळा वर्ग हसला. आयाही हसल्या. मुखवट्याखालून पाणी गळायला लागलं तसं बाईंनी रुपीला कुशीत घेतलं आणि आवाज न बदलता म्हणाल्या, "आपला वाघ आज घरूनच जेवून आलाय. एकही गाय नेणार नाही. मग दहातल्या किती उरल्या?"

"दहा," पोरं ओरडली.

नीताही टाळ्या वाजवत होती. पण त्या मोजणीत हौशी नव्हती, तिच्या जागी दुसरीतलं एक पोर आणून बसवलं होतं, आणि हे त्या खोलीत बाईंखेरीज फक्त तिलाच लागत होतं.

दोन दिवसांनी पाड्याची खरी वाघबारस झाली. वाघदेवापाशी खिरीचा वास, पोरांचा कल्ला. कमू पळसाच्या पानावर उकडलेली चवळी वाढत होती. हौशी जवळच बसलेली, बाळ्याच्या तोंडात एक एक दाणा घालत. पोरं वाघाच्या मागे धावली तरी ती उठली नाही.

"वयनी," कमू म्हणाली, "हौशीला नेते बरोबर."

"अगं, पण तू तर म्हणाली होतीस..."

"तिचंच मन उडालं. ऱ्हातेस का म्हनलं तर नाय म्हनते. काय झालं ते बोलत पन नाय. बाई रागावल्या का काय तिला?"

"छे. बाई कशाला रागावतील."

"मग असंल तिचं काय तरी. मी घरात भांडून बसले तिच्यासाठी आन् हीच पलटली. हिचा बा हसतोय मला." तिने पान नीताच्या हातात ठेवलं. "खा."

तेव्हा सांगता आलं असतं. शब्द जिभेवर आलेही होते: बाईंनी नाही, मीच. हौशी तिथेच दोन हातांवर होती. तिला जवळ बोलावून सांगता आलं असतं, की तू काही चुकली नाहीस. नीताने चवळीचा घास घेतला आणि म्हणाली, "छान शिजलीय."

गाडी यायला अजून सहा दिवस होते. रोज सकाळी अंगण सारवताना ती ठरवायची, आज जाते. लक्ष्मीपूजनाला पाहुणे आले. पाडव्याला हरेशला सुट्टी होती. भाऊबीजेला ती जव्हारला भावाकडे गेली आणि वहिनीने आग्रह केला म्हणून राहिली. दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा कमूच्या अंगणात पुंजा आजा एकटाच बसला होता. टेम्पो पहाटे येऊन गेला होता.

शाळा उघडल्यावर रंजना बाईंनी हजेरी घेतली आणि पेन हातात तसंच धरून ओट्यावर आल्या.

"हौशी गेली ना हो. मला आधी कळतं तर शिक्षण हमी कार्ड भरून दिलं असतं. ते दाखवलं की तिकडच्या शाळेत बसवून घेतात. तुमच्याकडे नंबर आहे त्यांचा?"

नंबर पुंजा आजाकडे होता. नीताने आणला आणि ओट्यावर बसून लावला. तीन वेळा वाजून बंद झाला. चौथ्या वेळी उचलला.

"वयनी? म्हातारा बरा हाय ना?"

"बरा आहे. आत्ताच बघून आले. हौशी कुठंय?"

"हितंच. बाळ्याला झोपवते. इटा पालट्या घालाय पन शिकली, हात चांगला चालतो तिचा." आवाजात थोडं कौतुक होतं.

"जवळपास शाळा आहे का? बाई कार्ड पाठवतायत."

"शाळा हाय, पन लांब. हमरस्ता वलांडून. कोन सोडनार."

मग नीताने डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "कमू, हौशीला वाघ करायचं नाही, हे बाईंनी नाही ठरवलं. मी सांगितलं बाईंना. तुम्ही लवकर जाणार, हौशी नसेल, असं. रुपीला करायचं होतं म्हणून."

पलीकडे कुणीतरी हिंदीत हाका मारत होतं.

"मी तर ठेवनार म्हनले होते."

"हो."

"तुला एकलीलाच सांगितलं होतं."

"हो."

"ती मला इचारायची, आये, मी वाईट आवाज काढला का. मी म्हनलं, काढला असशील." कमू थांबली. "आन् वाघदेवापाशी भेटली होतीस की तू. तवा सांगायचं. गाडी यायच्या आदी."

"मी येते तिला घ्यायला. उद्याच येते. माझ्याकडे राहू दे शिमग्यापर्यंत, रुपीबरोबर जेवेल, झोपेल. तुला खर्च नको, काही नको."

"नको."

"कमू, ऐक ना."

"बाळ्या आता तिच्याच हातचं खातो. ती गेली तर मला पाठीला घेऊन काम व्हायाचं नाय, आमचं मानूस एक कमी धरतील." आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर नीताला धरायला काही मिळालं असतं. "ठेवते वयनी. मातीचा गारा वाळतो."

फोन बंद झाला. रंजना बाई दारात उभ्या होत्या.

"काय म्हणाली? पाठवते का पोरीला?"

"नाही म्हणाली."

"का बरं? दिवाळीआधी किती छान रमली होती. तुम्हाला काही बोलली होती का?"

नीता उठून उभी राहिली. आत पोरं पाट्या काढत होती. "बोलली होती, बाई," ती म्हणाली. "मी तुम्हाला सांगितलं नाही. पोरीला इथेच ठेवून जाणार होती ती."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. काहीतरी विचारायला त्यांचं तोंड उघडलं आणि मग त्यांना आपोआपच सगळं उलगडत गेलेलं नीताला दिसलं: मुकादमाची लवकर येणारी गाडी, भातकापणी, पिवळा मुखवटा. बाई आत गेल्या, आणि जाताना ओट्याकडचं दार लावून घेतलं.