पिवळीची भाकरी आणि माझी चीर

मी एक जुनी काटवट आहे, आणि सध्या पालथी आहे. मित्रांनो, बोरीला सूर्यभानरावांच्या घरी कधी गेलात तर माजघराच्या कोपऱ्यात एक मोठं गाडगं दिसेल. त्याच्या तोंडावर पालथं घातलेलं, वर दगड ठेवलेलं, मधोमध चिरलेलं जे लाकूड आहे, ती मी. उंदरांपासून बियाणं राखणं हे माझं आजचं काम. काम वाईट नाही. पण जिच्यात सोळा वर्षं दोन्ही वेळच्या भाकरी थापल्या गेल्या, तिला झाकण करणं म्हणजे नावाजलेल्या गवयाला शाळेची घंटा वाजवायला बसवण्यासारखं आहे.

सिताराम सुताराने मला बाभळीच्या एका ओंडक्यातून कोरलं. जोड नाही, खिळा नाही. मनकर्णाबाईंचं लग्न ठरलं होतं आणि त्यांच्या वडिलांना लेकीबरोबर द्यायला काटवट हवी होती. सितारामने मला त्यांच्या हातात देताना दोन गोष्टी बजावल्या. "हिला तेल पाजत जा. अन् आधणाचं पाणी हिच्यात कधी वतू नका." पहिली गोष्ट सोळा वर्षं पाळली गेली. दुसरीचं काय झालं, ते सांगण्यासाठीच मी तोंड उघडलं आहे.

माणसाला काय आवडतं हे त्याच्या तोंडाला विचारायची पद्धत आहे. मनकर्णाबाईंच्या तोंडाला ते कुणी विचारलं नाही, म्हणून मला त्यांच्या हातांवरून ओळखावं लागलं. पिठलं त्यांना आवडत नसे. घरात न सांगता पाहुणा आला की पिठलं, भाजी संपली की पिठलं, बाईंना ताप असला की त्यांनीच उठून केलेलं पिठलं. दोडका तर त्यांना बघवत नसे. पण लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात सूर्यभानराव एकदा म्हणाले होते, "दोडका झकास झाला." त्या एका वाक्याची शिक्षा बाई अजून भोगत आहेत.

आवडायची ती अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल, आणि पिवळ्या ज्वारीची भाकरी. पिवळीचं पीठ हाताखाली आलं की बाईंच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा बदलायचा. त्या पिठाला विरी होती. विरी म्हणजे पीठ धरून ठेवणारा चिकटपणा, मित्रांनो. गार पाण्यात मळलं तरी गोळा एकजीव व्हायचा, थापताना कड फुटायची नाही, आणि भाकरी तव्यावर टाकताना चंद्रासारखी अलगद जायची. सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती गार झाली तरी मऊ राहायची. हा गुण घरात फक्त बाईंनाच माहीत होता, कारण गार भाकरी फक्त त्याच खायच्या. धनी जेवणार, लेकरं जेवणार, कामावरची माणसं जेवणार, मग दुपार कलल्यावर तळाची भाकरी घेऊन बाई बसणार.

बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो आला, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. त्याच्याबद्दल मी बोलणार नाही. भुकेच्या वेळी पोटात गेलेल्या धान्याला नावं ठेवू नयेत, एवढी समज मला आहे. पण दुष्काळ सरला आणि हायब्रीड ज्वारी आली, तेव्हा बोलायला हरकत नव्हती. सूर्यभानरावांनी निम्म्या रानात ती पेरली. गुडघ्याएवढं धाट आणि त्यावर माणसाच्या डोक्याएवढं कणीस. पोती मोजताना त्यांची दोनदा चूक झाली, कारण एवढी मोजायची सवय नव्हती. गावात त्यांना मान मिळाला. माझ्यात पीठ आलं.

त्या पिठाला विरी नव्हती. बाई मळायच्या, ते सुटायचं. थापायच्या, ते फाटायचं. तव्यावर जाताना भाकरीचा परभणी जिल्ह्याचा नकाशा व्हायचा. बाई मला जरा जास्त जोरात आपटायच्या.

मग उन्हाळ्यात सूर्यभानराव म्हणाले, "यंदा समदं रान हायब्रीड."

बाईंचे हात थांबले. "मळ्याकडचं दीड एकर ठिवा पिवळीला."

"कशापायी?"

"खायापायी."

"हायब्रीड काय दगड हाय का? मी रोज खायलोय की."

"तुमी तव्यावरची खाता."

"मग भाकर कुठली खात्यात, झाडावरची?"

ओसरीवर बसलेली त्यांची माणसं हसली. बाईंनी पुढची भाकरी थापली. बाई हट्टी होत्या, पण त्यांचा हट्ट आवाज करत नसे. रोज जेवणाच्या वेळी त्या एवढंच विचारायच्या, "दीड एकराचं काय?" आणि सूर्यभानराव दोडक्याकडे बघून म्हणायचे, "बगू."

शेवटी त्यांनी पेच टाकला. शेतकी खात्याचे साहेब गावात येणार होते. हायब्रीडची भाकरी चांगली होत नाही अशी गावोगावच्या बायकांची तक्रार होती, तर ती स्वतः खाऊन बघणार होते. जेवण अर्थातच सूर्यभानरावांकडे. सूर्यभानराव बाईंना म्हणाले, "साहेबानं तोंड वाकडं केलं तर दीड एकर तुजं. गोड लागली तर पुन्यांदा इषय काडायचा न्हाई."

"शब्द?"

"शब्द."

मित्रांनो, इतकी सोपी पैज माझ्या पाहण्यात नाही. बाईंना जिंकण्यासाठी काहीच करायचं नव्हतं. शेजारच्या छबूबाई आनंदाने चुलीपाशीच येऊन बसल्या.

"मनकर्णे, तू नुसतं गार पाण्यात मळ. पुढचं काम ते पीठच करतंय."

"तसंच करायलेय, अक्का."

"अन् जरा जाडच थाप. साहेबाच्या घशात बसाया पायजे."

पहिली भाकरी तशीच झाली. कडेने फुटली, मधे फाटली, तव्यावर तिचे तीन तुकडे झाले. छबूबाईंनी खुशीत मांडी बदलली. बाई त्या तुकड्यांकडे बघत राहिल्या. बाहेर ओसरीवर पाट मांडले होते, तांबे भरले होते, आणि कुणीतरी साहेबांना सांगत होतं, "सूर्यभानरावाच्या घरची भाकर, साहेब. आख्ख्या बोरीत अशी थापणारी न्हाई."

तिथेच घात झाला.

फुटकी भाकरी घरात खातात, ढोरांना घालतात, पण पाहुण्याच्या ताटात वाढत नाहीत. हे बाईंना कुणी शिकवलं नव्हतं. ते हातातच होतं. त्यांनी तुकडे बाजूला सारले, चुलीवरचं आधणाचं पातेलं चिमट्याने उचललं, आणि उकळतं पाणी सगळंच्या सगळं माझ्यात ओतलं.

"अगं काय करायलीस?" छबूबाई म्हणाल्या. "दीड एकर चाललं ना वतून."

"पावणा बसलाय, अक्का."

"बसू दे की. त्याला भाकर गोड लागू नये म्हणूनच तर बसवलाय."

विरी नसलेलं पीठ आधणाने धरतं, पण ते मळायला तळव्यांची साल जाते. बाई मळत राहिल्या, फुंकर घालत राहिल्या. माझ्या अंगातून एक बारीक आवाज झाला. पोटापासून कडेपर्यंत गेला. तो कुणालाच ऐकू आला नाही, कारण तेवढ्यात भाकरी फुगली होती आणि छबूबाई कपाळाला हात लावत होत्या.

साहेबांनी तीन भाकरी खाल्ल्या. ते पोळ्या खाणाऱ्या मुलखातले होते, शिवाय भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती. "हिला कोण वाईट म्हणतं?" ते म्हणाले, आणि वहीत काहीतरी लिहिलं. म्हणजे बाईंनी त्या दिवशी एकट्या आपल्याच घराचं नव्हे, आणखी किती घरांचं वाटोळं केलं, ते त्या वहीला माहीत.

साहेब गेले. सूर्यभानराव आत आले. बोलायचं त्यांना जड गेलं नाही. "तुज्याच हातानं ठरलं बग."

बाई तेव्हा जेवत होत्या. तळाला राहिलेली भाकरी गार होऊन कौलासारखी झाली होती. ती त्यांनी पाण्यात बुडवली आणि खाल्ली. त्यांच्या ताटात कुणी बघितलं नाही. साहेबांनीही नाही.

दुसऱ्या दिवसापासून मनकर्णाबाईंनी एकच बदल केला. सगळ्या भाकरी सकाळी करून टोपल्यात ठेवल्या आणि चूल विझवली. संध्याकाळी सूर्यभानराव जेवायला बसले.

"गरम न्हाई का?"

"हायब्रीड काय दगड हाय का, म्हणला व्हता की तुमी."

पहिल्या दिवशी त्यांनी खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुधात बुडवून खाल्ली. तिसऱ्या दिवशी खालची दाढ धरून बसले. "तू रोज ही खायलीस?" त्यांनी विचारलं. त्या घरात बाईंना जेवणाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. बाईंनी मान डोलावली.

तुम्हाला वाटेल, दीड एकर मिळालं. नाही. सूर्यभानरावांनी शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द मागे घेतला तर गावात काय तोंड दाखवणार. ते म्हणाले, "बांधाच्या कडेनं चार तासं पेर. साहेबाला कळू दिऊ नको."

चार तासं म्हणजे पिकाच्या चार ओळी. ठेंगण्या हायब्रीडच्या रानात ती उंच पिवळी अशी उठून दिसली की शिवारातल्या सगळ्या चिमण्यांना पत्ता सापडला. उरलं ते या एका गाडग्यात मावलं. बाईंनी त्यातली एक मूठही दळली नाही. पुढच्या साली पेरायला, मग त्याच्या पुढच्या साली. तीन वर्षं झाली. चार तासांची पाच झाली आहेत.

माझी चीर कळली ती दुसऱ्याच दिवशी, पीठ गळायला लागल्यावर. बाईंनी तीत मेण भरून पाहिलं, डिंक भरून पाहिला. मग सेलूच्या बाजारातून जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, परात आली. तिच्यात उकळतं पाणी चालतं. तिला तेल लागत नाही आणि तिचं काही म्हणणंही नसतं. सूर्यभानरावांनी मला सरपणात टाकायला उचललं होतं. बाईंनी हातातून काढून घेतलं आणि इथे पालथं घातलं.

बाई अधूनमधून दगड बाजूला करून मला उचलतात, गाडग्यात हात घालतात, मूठभर पिवळी नाकाशी धरतात आणि परत टाकतात. मग बाहेर जाऊन हायब्रीड मळतात, आधणाच्या पाण्यात. हात भाजतात त्यांचे.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी काटवट असेल तर तिला तेल पाजा. आणि भाकरी झकास झाली असं म्हणायची फारच हौस असेल, तर टोपल्याच्या तळाची घ्या, गार झाल्यावर, सगळ्यांच्या मागून खा, आणि मग म्हणा.