तापट की खंबीर?

नमस्कार मित्रांनो! जरा जपून उघडा हं, माझी शिवण सैल झाली आहे. मी एक जुनी शेरेवही आहे. एका मोठ्या रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर तीन वर्षं राबून तज्ज्ञ होतात. तिथल्या विभागप्रमुख सरांच्या टेबलावर माझं सगळं आयुष्य गेलं.

बाइंडरने मला जाड दोऱ्याने शिवलं, काळा पुठ्ठा चढवला आणि पानापानावर तीन रकाने आखले. पहिल्यात डॉक्टरचं नाव, दुसऱ्यात काय घडलं त्याची कारकुनाने केलेली नोंद, तिसऱ्यात सरांचा शेरा. या शेऱ्यांवरूनच दरवर्षी शिकाऊ डॉक्टरांचा प्रमुख निवडला जाई. कुणी कोणत्या वॉर्डात जायचं, कुणाला रजा द्यायची, सगळं त्या प्रमुखाच्या हातात. तेव्हा माझा काय रुबाब होता म्हणून सांगू! मला बघून भलेभले घाम पुसायचे.

पण एक गोष्ट मला आतल्या आत खात होती. वर्षानुवर्षं मुलगेच प्रमुख होत. मुलींपुढे सर लिहीत, 'मनमिळाऊ', 'कष्टाळू', 'गोड बोलते'. वाईट शब्द एकही नाही, पण प्रमुखपदही नाही. सर काही दुष्ट नव्हते हो. त्यांच्या हाताला तसं वळणच पडलं होतं.

मग एक डॉक्टर आली. सगळे तिला 'वादळ' म्हणत, चालायचीच तशी! एकदा तिचा कनिष्ठ एका आजोबांच्या रक्ताचा नमुना खिशातच विसरला. तिने त्याला सर्वांसमोर खडसावलं आणि नमुना घेऊन स्वतः प्रयोगशाळेत पळाली. सरांचा शेरा, 'तापट'. त्याच आठवड्यात तिच्या बरोबरीच्या एका पुरुष डॉक्टरने अशाच चुकीसाठी कनिष्ठाला झापलं. त्याला मिळालं, 'खंबीर'. समोरासमोरची पानं, मित्रांनो! मला तोंड असतं तर मी ओरडलेच असते.

निवडीच्या आदल्या दिवशी ती सरांची सही घ्यायला आली. सर नव्हते, मी उघडीच होते. तिने शेरा वाचला आणि आईला फोन लावला. "अगं आई, मी प्रमुखपदाचा अर्ज मागे घेते. इथे बोललं तर तापट, गप्प बसलं तर गोड. जाऊ दे, नकोच ते." माझ्या तर काळजात चर्र झालं.

वॉर्डच्या मोठ्या सिस्टर दारातच उभ्या होत्या. "डॉक्टर, उद्यापर्यंत थांबा. एवढं माझं ऐका," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी निवडीच्या बैठकीत सिस्टरनी माझ्या पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यावर कागदाच्या पट्ट्या ठेवल्या. "सर, मी फक्त मधला रकाना वाचते. शेरा तुम्ही सांगा."

"हा काय पोरखेळ, सिस्टर?"

"पाच मिनिटांचा तर आहे, सर." आणि त्या वाचू लागल्या, "नमुना राहून गेला. कनिष्ठास खडसावले. नमुना स्वतः पोचवला."

"खंबीर!" सर लगेच म्हणाले. "नुसतं ओरडून थांबला नाही, स्वतः धावला. असाच प्रमुख हवा. कोण आहे हा?"

सिस्टरनी पट्ट्या उचलल्या. सरांनी तिचं नाव वाचलं, मग आपलाच शेरा वाचला. मग ते माझी मागची पानं उलटत गेले. त्या पानांतल्या कितीतरी मुली केव्हाच शिकून निघून गेल्या होत्या. शेवटी त्यांनी पेन काढलं, 'तापट'वर रेघ मारली आणि नियमाप्रमाणे बाजूला सही केली. वीस वर्षांतली माझ्यातली ती पहिली खाडाखोड. हुश्श! मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

मित्रांनो, मला जपा, पण माझ्यात काही लिहिण्याआधी मधला रकाना नीट वाचा. काय घडलं ते आधी बघा, कुणी केलं ते मागाहून.

प्रमुख झाल्यावर ती सरांना भेटायला आली. सर म्हणाले, "डॉक्टर, चूक माझी होती."

ती हसली. "सर, पण मी थोडी तापट आहेच."

"मीही आहे," सर म्हणाले. "मला मात्र तसं कधी कुणी लिहिलं नाही."