छत्री धरलेली बाई

मुदखेडच्या स्टेशन रोडवर हरिओमचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी; आसपासच्या खेड्यांतल्या किती नवऱ्या मुली त्याच्या कॅमेऱ्यासमोर लाजल्या असतील, कुणास ठाऊक. बायको उज्वला काउंटर सांभाळायची, फोटो कापायची, अल्बम लावायची. कॅमेऱ्याला मात्र तिनं कधी हात लावला नव्हता. हरिओमच्या किडन्या गेल्या आणि त्याला लातूरच्या वाटेवरच्या एका धर्मादाय दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा कुठं कॅमेरा तिच्या गळ्यात आला.

"पडून पडून काय करू?" हरिओम म्हणाला. "कॅमेरा आण. तुला शिकवतो. मी न्हाई राहिलो तर दुकान कोण चालवील?"

"असलं बोलायचं असंल तर आणत न्हाई मी."

पण तिनं आणला. खाटेवर पडल्या पडल्या तो सांगायचा, आधी माणूस बघू नको, उजेड कुठून येऊन राहिला ते बघ. उज्वलानं खिडकीचा फोटो काढला, डब्याचा काढला, त्याच्या सुजलेल्या पायांचा काढला. फोटो फसला की तो हसायचा. जमला की गप्प राहायचा. त्या गप्प राहण्याचीच ती वाट बघायची.

त्या वॉर्डात धम्मप्रिया नावाची मावशी होती. गुत्तेदाराकडून कंत्राटावर कामाला लागलेली, पंचेचाळिशीची, लातूरची. लघवी-संडासची भांडी देणं, चादरी बदलणं, पेशंटला उठवणं-बसवणं सगळं तिच्याकडं. हरिओमच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. त्याला कुशीवर वळवायला उज्वलाचा हात लागला की तो कळवळायचा. धम्मप्रिया एक हात खांद्याखाली घालायची, एक कमरेखाली, म्हणायची, "हां भाऊ, श्वास सोडा आता," आणि कधी वळवलं ते त्यालाही कळायचं नाही.

वॉर्डात कॅमेरा चालत नव्हता. मॅनेजर फेरीला आला की धम्मप्रियाच तो उचलून खाटेखालच्या पिशवीत सारायची. "मला काय दिसलं न्हाई गं," असं म्हणायची आणि निघून जायची. दुपारी दोघी जिन्यात बसून एका डब्यातून जेवायच्या. उज्वलाला कुणी मोठी बहीण नव्हती. त्या जिन्यात तिला ती मिळाली.

भादव्यात पाऊस लागला तो उघडेचना. दवाखान्याचा स्लॅब आधीच पाझरत होता, आता त्याच्या धारा लागल्या. खाटा इकडून तिकडं सरकवल्या, बादल्या ठेवल्या, तरी फरशीवर पाणी साचलंच. कोपऱ्यात एका म्हाताऱ्याला सलाईन चालू होतं आणि नेमकी त्याच्या तोंडावर धार पडत होती. खाट हलवायला जागा उरली नव्हती. धम्मप्रियानं कुणाची तरी छत्री घेतली आणि त्याच्यावर धरून उभी राहिली. दुसऱ्या हातात सलाईनची बाटली, कारण स्टँड गंजून मोडला होता. पदर भिजलेला, पाय पाण्यात, नजर त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर.

उज्वलानं कॅमेरा डोळ्याला लावला. उजेड खिडकीतून येत होता.

हरिओमनं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो फोटो बघितला आणि इतका वेळ गप्प राहिला की तिला वाटलं, झोपच लागली. मग म्हणाला, "आयुष्यभर लग्नं काढली मी. असा एक फोटो मला काढता आला न्हाई. पाठव हा. पेपरात पाठव."

नांदेडच्या एका दैनिकात रोज एक व्हॉट्सअॅप नंबर छापून यायचा, वाचकांनी आपले फोटो पाठवावेत म्हणून. उज्वलानं तिथंच बसून फोटो मोबाइलवर घेतला आणि पाठवला. धम्मप्रिया तेव्हा दाराबाहेर फरशी पुसत होती. हाक मारली असती तर ओ दिली असती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर फोटो आला. खाली उज्वलाचं नाव. दैनिकाचे संपादक मल्लिनाथ स्वतः फोनवर म्हणाले, "ताई, आमच्या माणसाला जमलं नसतं असं काम केलंत." मुदखेडमधून फोनावर फोन. नायगावच्या तिच्या भावानं तो फोटो स्टेटसला ठेवला.

धम्मप्रियानं पेपर चहाच्या टपरीवर बघितला. तो घेऊनच ती वॉर्डात आली.

"माझं तोंड लई साफ आलंय गं," एवढंच म्हणाली.

"ताई, सगळ्या मुलखानं बघितलं तुम्हाला," उज्वला आनंदानं म्हणाली.

धम्मप्रियानं पेपरची घडी घातली, काखेत धरली आणि कामाला लागली.

मग सगळं भराभर झालं. साहेब लोक येऊन गेले. ट्रस्टची माणसं आली. पावसानं जरा उघडीप दिली तशी स्लॅबवर माणसं चढली, डांबर ओतलं, वर पत्रे टाकले. छत खरंच गळायचं थांबलं. आणि एका सकाळी धम्मप्रियाच्या जागी दुसरीच पोरगी आली. वॉर्डात कॅमेरा कुणी येऊ दिला, ही विचारपूस झाली होती. उत्तर पेपरातच छापलेलं होतं, धम्मप्रियाच्या चेहऱ्यासकट.

उज्वला मॅनेजरकडं धावली. तो गोड बोलला. "आम्ही कुणाला काढलं नाही, बाई. गुत्तेदारानं माणूस बदलला."

तिनं मल्लिनाथांना फोन लावला. "साहेब, छापा की हे. त्या बाईचं काम गेलं."

ते म्हणाले, "छत दुरुस्त झालं, ताई. आपली बातमी तिथं संपली. मावशी बदलली, याची बातमी होत नाही."

हरिओमचं दुखणं वाढत गेलं. "मावशी कुठं हाय?" तो विचारायचा. उज्वला म्हणायची, सुट्टीवर हायत. नवी पोरगी जखमांना घाबरायची, हात लावायची नाही. उज्वला एकटीच खांद्याखाली, कमरेखाली हात घालून बघायची, श्वास सोडा म्हणायची, आणि तो असा ओरडायचा की तिचे हात आपोआप सुटायचे. मग त्यानंच सांगितलं, "राहू दे. उताणाच बरा हाय." एका दुपारी तो तसाच गेला. वर कोरडं, नवीन रंग दिलेलं छत होतं.

तेरावं झाल्यावर मल्लिनाथ मुदखेडला घरी आले. सांत्वन केलं, चहा घेतला. म्हणाले, "नजर आहे तुमच्याकडं. आमच्यासाठी फोटो काढा. बातमीदारी काय कुणी आईच्या पोटातून शिकून येत नाही."

"आधी लातूरला जाऊन येते," उज्वला म्हणाली.

गंजगोलाईच्या बाजारामागं एका खानावळीत, मोरीपाशी धम्मप्रिया सापडली. ताटं घासत होती. तिनं वर बघितलं, उज्वलाचं मोकळं कपाळ बघितलं आणि सगळं समजली.

"कधी आलात? बसा," ती म्हणाली. आजवर ती उज्वलाला अगं-तुगं करायची. उज्वला तशीच उभी राहिली.

"ताई, मी कौतुकानं पाठवला हो तो फोटो."

"हाव. माहीत हाय."

"दुसऱ्या दवाखान्यात विचारलं का कुठं?"

"समद्यांकडं पेपर हाय. तोंड बघूनच न्हाई म्हणतात." तिनं ताट पालथं घातलं. "तुम्ही विचारलं असतं ना, तर मी पाठवा म्हणाले असते. काम जाईल ते मला ठावं होतं. तरी म्हणाले असते. त्या म्हाताऱ्याच्या नाकातोंडात पाणी चाललं होतं. पण मग ते मी केलं असतं, बाई. माझ्या मनानं. आता केलं तुम्ही, अन् भोगून राहिले मी."

धम्मप्रियाचे हात चालूच होते. मग तिनं विचारलं, "शेवटाला भाऊला कुशीवर कोण वळवायचं?"

"मीच. मला जमलं न्हाई, ताई. ते ओरडायचे. मग मी सोडून द्यायची."

धम्मप्रियाचे हात थांबले. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. काम गेलं तेव्हा ती रडली नसेल, आता तिचे खांदे हलत होते. उज्वलानं तिच्या पाठीवर हात ठेवायला पुढं केला आणि मागं घेतला.

आतून कुणीतरी ताटं मागितली. धम्मप्रियानं कोपरानं डोळे पुसले, ताटांचा ढीग उचलला आणि आत गेली. उज्वला थांबली. धम्मप्रिया पुन्हा बाहेर आली नाही.

उज्वला आता त्या दैनिकासाठी फोटो काढते. हिमायतनगरपासून देगलूरपर्यंत एसटीनं फिरते. कुणावरही कॅमेरा धरण्याआधी जवळ जाऊन बसते, फोटो कुठं छापणार, कोण कोण बघणार ते सांगते. पुष्कळ जण नको म्हणतात. काही जण विचार करत बसतात आणि तेवढ्यात उजेड जातो. मल्लिनाथ वैतागतात. तुमच्या हातचे किती चांगले फोटो गेले, म्हणतात. ती हो म्हणते.

दिवाळीच्या आधी ती पुन्हा लातूरला जाऊन आली. धम्मप्रियानं चहा मागवला, तब्येत विचारली. निघताना म्हणाली, "सांभाळून जा, बाई. येत चला तुम्ही."