चिमणाबाईंचं घंगाळ

मित्रांनो, मी एक जुनं पितळी घंगाळ आहे. पसरट तोंड, दोन बाजूंना दोन कड्या आणि अंगभर हातोडीचे बारीक ठोके. कोल्हापुरातल्या एका तांबटानं मला घडवलं आणि चिमणाबाईंच्या लग्नात कुणीतरी मला आहेर म्हणून दिलं. तेव्हापासून कसबा बावड्यातलं त्यांचं घर हेच माझं घर.

चिमणाबाई दवाखान्यात नर्स होत्या. कामावरून परतल्यावरही कुणी ना कुणी दारात बसलेलं असे. कुणाच्या पायाला ऊस तोडताना कोयता लागलेला, कुणाच्या टाचेत काटा मोडलेला. चिमणाबाई माझ्यात कोमट पाणी ओतत, जमिनीवर बसत आणि परक्याचे पाय मांडीवर घेऊन धूत. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी त्या मला चर्चमध्ये नेत. प्रभू येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून तिथे जमलेल्या बायकांचे पाय त्या धूत. लोक म्हणत, "चिमणाबाईंसारखी नम्र बाई अख्ख्या बावड्यात न्हाय." मलाही ते ऐकून धन्य वाटे.

पुढे त्या निवृत्त झाल्या. नवरा गेला. मुलगा अमरसिंह याचं लग्न झालं आणि गगनबावड्याकडची क्रांती सून म्हणून आली. घरात गिझर बसला, तसं मला न्हाणीघराच्या कोपऱ्यात पालथं घातलं गेलं. अंगावर हिरवट डाग चढले. माझी आठवण कुणाला राहिली नाही.

मग एका सकाळी चिमणाबाईंनी मला सरळ केलं. मला फार आनंद झाला, पण तो टिकला नाही. त्यांनी दाराला कडी लावली, पायमोजा काढला आणि स्वतःचा उजवा पाय माझ्यात सोडला. साखरेचा आजार त्यांना होताच. चप्पल चावून अंगठ्याला फोड आला होता. तो फुटून त्याची कड काळी पडली होती.

त्या नर्स होत्या. त्यांना सगळं कळत होतं. तरी "प्रभू, तुझ्यावर सोडलंय," एवढंच पुटपुटून त्या जखम बांधत आणि वर मोजा चढवत. पाणी दिवसेंदिवस गढूळ होत गेलं. मला ते कुणाला सांगता येत नव्हतं.

वास मात्र लपला नाही. क्रांतीनं दार वाजवलं. सासूला ती आत्या म्हणे.

"आत्या, पाय दाखवा बघू."

"काय झालं न्हाय. देव हाय की बघायला."

"देवाला दाखवताय, मग मला का दाखवत न्हाईसा?"

"मी लोकांचं पाय धुतल्यात," चिमणाबाई आतून म्हणाल्या. "माझं कुणी धुवायचं न्हाईत."

क्रांती आणखी एकदा आली. कडी निघाली नाही. पुढे ताप चढला, चिमणाबाई बडबडू लागल्या आणि अमरसिंहनं त्यांना उचलूनच दवाखान्यात नेलं. परत आणलं तेव्हा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता.

त्यानंतर त्यांनी प्रार्थना सोडली. जेवणही नावालाच. चर्चचे पाळक भेटायला आले आणि म्हणाले, "देव आपल्या माणसांची परीक्षा घेतो, बाई."

"परीक्षा म्हणू नका, पाळकसाहेब. मीच लपीवलं," चिमणाबाई म्हणाल्या. "मला कुणाम्होरं वाकायचं नव्हतं आणि त्याला मी भरवसा म्हणत बसलो. पण त्यानं तरी मला का थांबवलं न्हाय? मी रोज हाक मारत हुतो की."

क्रांती उंबऱ्यात उभी होती. ती हळूच म्हणाली, "थांबवायला मला धाडलं हुतं, आत्या. तुम्ही कडी काढली न्हाईसा."

चिमणाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी क्रांतीनं मला चिंच लावून घासलं, कोमट पाणी भरलं आणि पलंगाशी आणून ठेवलं. ती खाली बसली. चिमणाबाईंनी उरलेला पाय मागे ओढला. क्रांती तशीच बसून राहिली. पाणी निवायला लागलं, तेव्हा तो पाय हळूहळू पुढे आला. चिमणाबाई रडत होत्या. "प्रभू, मला काय कळत न्हाय," त्या म्हणाल्या. "तरी मला धर."

मित्रांनो, सगळं नीट झालं असं मी म्हणणार नाही. नसलेला पाय अजून ठणकतो. कधी कधी प्रार्थना मध्येच तुटते आणि त्या नुसत्या छताकडे बघत राहतात. पण एवढं मात्र तुम्हाला सांगायचं आहे. देवावर भरवसा ठेवा, पण आपली जखम माणसांपासून झाकू नका. दुसऱ्यासाठी वाकणं सोपं असतं. कुणी आपल्यासाठी वाकलं, तर ते मान खाली घालून स्वीकारणं फार अवघड असतं. चिमणाबाई ते उतारवयात शिकत आहेत. रोज सकाळी क्रांती त्यांच्या डाव्या पायाची बोटं एकेक उघडून बघते आणि त्या तिला बघू देतात.